काकांचा युरिया आणि अण्णांची विहीर

आमच्या घरी पाहुणा आला की आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या जायचा आणि अण्णा खुर्ची ओढून थेट त्याच्या तोंडासमोर बसायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. पाहुणा घोट घेणार, गिळणार, तांब्या खाली ठेवणार, की लगेच अण्णा भुवया उडवून विचारणार, "कसंय?" बिचाऱ्या पाहुण्याला कळायचंच नाही हे काय विचारून राहिले ते. तो आपला म्हणायचा, "बरा झाला प्रवास, नायगावहून लगेच ऑटो भेटला." अण्णांचं तोंड एवढंसं व्हायचं. मग आतून माझी माय ओरडायची, "पाव्हणं, पाणी गोड हाय म्हणा की वो! न्हाईतर चहाला उशीर व्हईल!"

ते पाणी अण्णांच्या विहिरीचं होतं. एका वाईट दुष्काळात गावाचे सगळे झरे आटले, बायका डोक्यावर घागरी घेऊन शिवारभर हिंडत होत्या, तेव्हा अण्णांनी आमच्या शेताच्या खालच्या टोकाला ही विहीर खणली. पाणी लागलं, तेही भरपूर. पिकाला पाणी द्यायचं सोडून अण्णांनी विहीरच गावाला देऊन टाकली. तिथून पाइप गेला, टाकी झाली, घरोघरी नळ आले. लोक म्हणाले नावाची पाटी लावू, तर अण्णा नको म्हणाले. पाटी नको, फक्त आल्या-गेल्या माणसानं तोंडानं सांगावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पाण्याचं कौतुक झालं की ती "माझी विहीर" असायची आणि मोटार जळली की "गावची विहीर".

माझं सासर लातूरचं. मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं, मिशा पुसल्या आणि न विचारता म्हणाले, "वा! काय पाणी आहे!" अण्णांनी तिथंच लग्न पक्कं केलं. मुलगा काय शिकलाय हे त्यांनी साखरपुड्यात विचारलं. पाण्याची कदर असावी तर लातूरकरांना, असं ते पुढं कायम म्हणायचे. मला विचाराल तर मला अजून तो राग आहे.

आता काकांचं सांगायला पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही. काका म्हणजे अण्णांचे धाकटे चुलत भाऊ. त्यांचं शेत आमच्या वर, चढावर. विहीर खणताना निघालेला मुरूम अण्णांनी काकांच्या बांधावर टाकला. दोन दिवसांत उचलतो म्हणाले आणि विसरले. काकांनी बांधावर उभं राहून शपथ घेतली, "मरंन, पण ह्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावणार न्हाई." गावात नळ आले तेव्हा त्यांनी नळाची तोटी अंगणात कोरडी ठेवली आणि दारात स्वतःचं बोर पाडलं. बोरला लागलं मचूळ पाणी. त्यात साबणाला फेस येत नव्हता. पण जिद्द म्हणजे जिद्द. काका तेच पाणी पिऊन राहिले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे तोंडावर बंद. बोलायचं असलं की काका आपल्या बैलाशी बोलायचे आणि अण्णा आपल्या म्हशीशी. काका बांधावरून मोठ्यानं म्हणायचे, "बैला, काही लोकांची शेळी आपल्या तुरीत शिरली, त्यांना म्हणावं बांधून ठिवा." इकडून अण्णा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "म्हशे, शेळीला कुंपण दिसंना झालंय, कारण कुंपणच न्हाई." बैल आणि म्हैस रवंथ करत उभे. त्यांच्या जागी दुसरी जनावरं आली, तीही याच कामाला लागली. बायकांना आणि आम्हा पोरांना मात्र या भांडणातून सूट होती. काकूच्या हातचं वरण खायला मी कधीही जायची. इतकं मऊ वरण मी दुसरीकडं खाल्लं नाही.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. राग मला पटकन येतो आणि आला की आवाज चढतो. वर्षानुवर्षं भरल्या वर्गापुढं ओरडल्यावर दुसरं काय होणार? तर त्या वर्षी शाळेत पाणी तपासायची पेटी आली. नळीत पाणी घ्यायचं, पुडीतली पूड टाकायची, हलवायचं आणि थोडं थांबायचं. पाण्यात नायट्रेट असलं तर रंग गुलाबी होतो, जितकं जास्त तितका गडद. शेतात टाकलेलं खत, उकिरड्यातलं शेण-मूत पावसाबरोबर वाहून आणि मुरून पाण्यात उतरतं, ते हे नायट्रेट. त्यानं पाण्याला वास येत नाही, चव बदलत नाही. मोठ्या माणसांना लगेच काही जाणवतही नाही. पण तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात असलं पाणी गेलं तर बाळ निळं पडू शकतं.

पोरांना म्हटलं, घरून पाणी आणा. कुणी नळाचं आणलं, कुणी बोरचं, एक पोरगा तर गोदावरीच्या घाटावरून बाटली भरून घेऊन आला. मी आदल्या रविवारी गावाकडून अण्णांच्या विहिरीचं आणलं होतं. उत्तम पाण्याचा नमुना म्हणून! नळ्या ओळीनं लावल्या, मी घड्याळ बघितलं, आणि बघता बघता अण्णांची नळी अशी लालगुलाबी झाली की मला आधी वाटलं पूड दोनदा पडली. घाटावरची नळीसुद्धा तिच्यापेक्षा फिकी होती. पहिल्या बाकावरची पोरगी टाळ्या वाजवत ओरडली, "टीचर, तुमचा पहिला नंबर!"

मी ते पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग आमच्या गावच्या सरपंच बाईंना फोन लावला. बाई हुशार आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी सरकारी तपासणीला पाणी पाठवलं, तिकडूनही तेच आलं. बाईंनी सांगून टाकलं, "नळाचं पाणी धुण्या-भांड्याला. प्यायला जारचं आणायचं. दोन पावसाळे वाट बघू. पाणी सुधारलं तर ठीक, न्हाईतर टाकीचा पाइप ह्या विहिरीवरून काढून दुसरीकडं जोडायचा."

हे अण्णांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी सांगितलं. अण्णा उठले, माठातून तांब्या भरला, माझ्यासमोर उभं राहून घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "बघ. मेलो का?"

"अण्णा, तसं नसतं."

"मग कसं असतं? बाटली तुझी घाण असंल. नांदेडात धुतलेली."

माय म्हणाली, "मी सांगते, उकळून घेऊ. उकळलं की समदं मरतंय."

"माय, ते जिवंत असलं तर मरेल ना! खत आहे ते. उकळलं की पाणी उडतं आणि खत तेवढंच राहतं."

मायनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "एवढं शिकवलं तुला, आणि पाणी उकळू नको म्हणतीस!"

दुसऱ्या आठवड्यापासून नायगावहून टेम्पो यायला लागला आणि घरोघरी पांढरे जार उतरायला लागले. आमच्याही घरी एक आला. तो अण्णांनी माठाच्या शेजारी ठेवू दिला नाही, कोपऱ्यात चपलांपाशी ठेवला. आणि एक गोष्ट बदलली, ती माझ्या लक्षात यायला वेळ लागला. पाहुणा आला की अण्णा उठून गोठ्यात जायला लागले. पाणी माय द्यायची, जारचं. समोर खुर्ची ओढून कुणी बसत नव्हतं, "कसंय?" म्हणून कुणी विचारत नव्हतं. एकदा लातूरहून माझे सासरे आले. तांब्या हातात घेऊन त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "व्याही कुठायत?" अण्णा म्हशीला चारा टाकत होते, जी आधीच पोट फुटेस्तोवर खाऊन बसली होती. मला तिथंच रडू आलं. मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला.

मग मी ठरवलं, गावाला समजावून सांगायचं. सरपंच बाईंनी ग्रामसभा बोलावली. मी मायची मोठी परात नेली, तिच्यात माती भरून उतार केला, वरच्या बाजूला खत म्हणून मूठभर कुंकू टाकलं आणि खालच्या टोकाला वाटी पुरली. "ही वाटी म्हणजे आपली विहीर," मी म्हटलं आणि वरून तांब्यानं पाणी सोडलं. लाल ओघळ उतरत उतरत वाटीत आला. सभा गप्प झाली. मला वाटलं, जमलं बाई! वर्गात असं गप्प व्हायला मला निम्मा तास लागतो.

मागून एकानं हात वर केला. "म्हणजे ताई, नळाच्या पाण्यात युरिया हाय?"

"हाय."

"भरपूर हाय?"

"भरपूर हाय!"

तो शेजारच्याकडं बघून म्हणाला, "आणि फुकट हाय."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी खूश होऊन संध्याकाळच्या बसनं नांदेडला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मायचा फोन. "काय सांगून गेलीस गं तू गावाला? लोकं नळाला पाइप लावून मिरच्या भिजवून राहिलेत! वांगी भिजवायलेत! तुझी मावशी तर टिपाडं भरून हळदीला न्यायली!" प्यायला नको म्हटल्यावर ज्यांनी नळाकडं पाठ फिरवली होती, ते पहाटेपासून नळाला चिकटले होते. टाकी रिकामी, पुन्हा मोटार चालू, पुन्हा टाकी रिकामी. दुपारी मोटार जळली.

जळलेल्या मोटारीत नवी तार भरायला नायगावचे मिस्त्री चाचा आले. आमच्या भागातल्या निम्म्या मोटारी त्यांच्याच हातच्या भरलेल्या. मी सुट्टी टाकून रागारागानं गावात पोचले, तेव्हा ते विहिरीवर मोटार खोलून बसले होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, असं भाषण दर महिन्याला द्या. आमची दुकान चांगली चालते."

"चाचा, चिडवू नका हो. डोकं फिरलंय माझं."

"बिलकुल नक्को चिडू. गलत काय बोलले तुम्ही? खत आहे म्हणले, लोकांनी खत घेतलं."

चाचा म्हणत होते ते खोटं नव्हतं, हे मला नंतर शाळेच्या वाचनालयात बसून वाचल्यावर कळलं. पाण्यातलं ते खत पिकाला लागतंच, आणि तेवढा युरिया वरून कमी टाकला तरी चालतो. पण तेव्हा मी चाचांना एवढंच म्हटलं की तोंड बंद ठेवा आणि मोटार भरा. त्यांनी मोटार भरली, तोंड मात्र बंद ठेवलं नाही. तिथून ते काकांच्या बोरची मोटार बघायला वर गेले. काका ग्रामसभेला आले नव्हते, कारण जिथं अण्णा तिथं काका नाहीत. चाचांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. परात, कुंकू, वाटी. आणि शेवटी म्हणाले, "काका, तुमच्या रानातला युरिया खाली उतरून राहिला, आणि सगळं गाव त्याच्यावर मिरच्या पिकवायलंय."

थोड्या वेळानं बांधावरून असा आवाज आला की म्हैस उठून उभी राहिली.

"बैला! ऐकलंस का? माझा युरिया! पाठीवर पोती वाहून आणला, तो युरिया! ह्यांच्या विहिरीत! इतकी वर्षं ह्यांनी माझं खत फुकट प्यालं, गावाला पाजलं, आणि वर मिशा पिळून विचारायचं, कसंय? गोड न लागायला काय झालं!"

अण्णा गोठ्यातून धावत आले. मला वाटलं आता चिडतील. ते म्हशीला म्हणाले, "म्हशे, सांग त्याला, आम्ही कुणाकडं युरिया मागायला गेलो नव्हतो. आपण होऊन आला."

"बैला, सांग, चोरी ती चोरीच!"

मी मधे उभी होते, डोक्यात राग मावत नव्हता. पाणी बिघडलं, लेकरांच्या जिवाला धोका आहे, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिरलं काय, तर भावकी! मी काकांना ओरडून म्हटलं, "काका, एवढं खत जातंय तर अडवा की मग! तुमच्या रानातून एक दाणा खाली येऊ देऊ नका!"

"अडवणारच!" काका म्हणाले. "पोरी, तू सांग फक्त कसं अडवायचं."

देवाशप्पथ सांगते, आयुष्यात मी इतकी चटकन थंड कधी झाले नव्हते. मी बांधावर चढले आणि तिथंच त्यांना सांगितलं. ढग आले की घाईनं युरिया फेकायचा हा सगळ्या शिवाराचा रिवाज. पावसानं आपोआप मुरतो म्हणतात, पण मुरण्याआधी तो वाहून जातो. तसं न करता पीक बघून थोडा थोडा द्यायचा, मुळापाशी द्यायचा आणि वरून मातीनं झाकायचा. आणि बांध जाड करून त्याच्यावर दाट गवत लावायचं, म्हणजे वाहतं पाणी थबकतं आणि त्यातलं खत गवताच्या मुळ्या ओढून घेतात.

"म्हंजे खत माझ्याच गवताला?"

"तुमच्याच."

"आणि गवत माझ्याच बैलाला?"

"तुमच्याच, काका."

काकांनी खाली आमच्या विहिरीकडं अशा नजरेनं बघितलं की आता ह्या फुकट्या दुकानाला कुलूपच लावतो.

त्या उन्हाळ्यात काकांनी जो बांध घातला, तसा बांध आमच्या शिवारात कुणी बघितला नव्हता. आमच्याकडं बांध म्हणजे दरवर्षी नांगराच्या फाळानं शेजारच्याच्या अंगाला बोटभर कोरायची वस्तू. तीच वस्तू काका आपल्या रानातली माती ओढून, आपल्या अंगाला जाड करून राहिले. त्यावर हत्तीगवताची कांडी लावली. पाऊस आल्यावर युरिया टाकताना ते आधी आमच्या घराकडं बघायचे, मग वाकून मुळाशी चिमूट ठेवायचे आणि चटकन माती ओढायचे, कुणी बघायच्या आत. काकू म्हणाली, "दागिने पुरावेत तसं पुरायलेत गं."

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. काकांचा युरिया अण्णांकडं जातो, तर आपला कुणाकडं जातोय? हा प्रश्न ज्याच्या त्याच्या डोक्यात किडा होऊन बसला. खालचा माणूस भावकीतला निघाला की बांध लगेच चढायचा. दोन सख्खे भाऊ, ज्यांची बांधापायी तालुक्याच्या कोर्टात चक्कर असायची, ते बांधाच्या दोन्ही बाजूंनी माती टाकून राहिले. ह्याला त्याचं खत नको, त्याला ह्याला खत द्यायचं नाही. बांध असा उंच झाला की त्यांना एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली, आणि त्यांचं भांडण कमी झालं. सरपंच बाईंनी हे सगळं बघितलं आणि त्यात आपलं एक काम घुसवलं. फवारणीचे पंप विहिरीच्या काठावर धुवायची सगळ्यांना सवय होती, ती त्यांनी बंद केली आणि लांब माळावर जागा नेमून दिली. लोकांनी कुरकुर केली, पण ऐकलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही लोकांना समजावलंत कसं? बाई म्हणाल्या, "समजावलं न्हाई. तुमच्या पंपातलं औषध फुकट दुसऱ्याच्या रानात चाललंय म्हणलं."

पहिला पावसाळा सरला. मी शाळेची पेटी घेऊन विहिरीवर गेले. अण्णा शेजारी, सरपंच बाई समोर, आणि वर गवताच्या आड काका, बैलाची शेपटी धरून. नळीतला रंग चढत गेला आणि आधीच्यापेक्षा बराच आधी थांबला. अण्णांनी नळी हातात घेतली. "उतरलाय की गं! किती फिका हाय!"

"उतरलाय, अण्णा. पण पिण्यासारखं अजून न्हाई झालं."

अण्णांनी नळी माझ्या हातात परत दिली. तेवढ्यात गवतातून आवाज आला. "बैला, आपल्या बाजूनं आता थेंब जात न्हाई. कुणाच्या तरी बाजूनं गळतंय. डोळं असतील तर दिसंल. आणि नाक असंल तरी कळंल."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. विहिरीच्या काठाला लागूनच आमचा उकिरडा होता. अण्णांच्या वडिलांच्या आधीपासूनचा, गोठ्यातलं सगळं शेण-मूत पोटात घेऊन बसलेला. गेले वर्षभर मी अण्णांना सांगत होते, विनवत होते, ओरडत होते. "उकिरडा हलवा, अण्णा." त्यांचं एकच, "शेणानं काय व्हतंय? शेणानं आपण अंगण सारवतो." आणि आता भर लोकांत, बैलाच्या तोंडून, त्यांना ते ऐकायला लागलं होतं. अण्णांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता म्हशीला बोलावतात. पण ते फावडं-टोपलं घ्यायला निघून गेले. दिवस मावळायच्या आत त्यांनी उकिरडा हलवायला काढला, आणि आठवडाभरात जागा अशी साफ केली की तिथं झेंडू लावता आला असता. वयाला शोभत नाही म्हणून मी गडी लावला, तर गड्याच्या हातातलं टोपलं त्यांनी काढून घेतलं. माय दारात उभी राहून बघत होती. मला हळूच म्हणाली, "माझ्या लग्नापासून सांगून राहिले, वास येतोय म्हणून. बैलाचं ऐकलं, माझं न्हाई."

दुसरं वर्ष लांबलं. अण्णा वाळले. जारचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, अर्धा पेला पिऊन ठेवून द्यायचे. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडतंय. मी रागावले, "प्या की हो! पाणीच आहे ते!" तर म्हणाले, "पाणी हाय, बाई. पण कुणाचं हाय?" दर फोनला ते एकच विचारायचे, पाइप काढतील का गं? मी म्हणायची, नाही काढत. आणि फोन ठेवून मलाच झोप लागायची नाही.

तिकडं काकांचंही काही बरं चाललं नव्हतं. जार घ्यायला त्यांनी पहिल्यापासून नकार दिला होता. "माझं बोर हाय." पण त्या काळात काकूच्या वरणातली डाळ अख्खी राहायला लागली, दाताखाली टचटच लागायची. मला वाटलं, काकूचं वय झालं.

दुसरा पावसाळा संपला आणि विहिरीवर अख्खं गाव जमलं. चाचासुद्धा स्कूटर घेऊन आले होते. त्यांचं मोटारीचं काही काम नव्हतं, पण आले. आता नळी मी धरली नाही. सरपंच बाईंनी धरली. पूड टाकली, हलवली, आणि सगळे थांबलो. अण्णा विहिरीच्या कठड्याला टेकून दुसरीकडंच बघत होते. नळीत हलकी गुलाबी छटा आली आणि तिथंच राहिली. बाईंनी ती उजेडाकडं धरली, कार्डावरच्या रंगाशी लावली, पुन्हा लावली. "हे आता सरकारी तपासणीला पाठवू, पण मला विचाराल तर..." आणि न हसणाऱ्या त्या बाई हसल्या. "पाइप ऱ्हाऊ द्या तिथंच."

सरकारी तपासणीचं उत्तर आलं त्या दिवशीही सगळे तिथंच जमले. पाणी पिण्यासारखं होतं. अण्णांनी मोटार लावू दिली नाही. स्वतः दोर सोडला, बादली ओढली, तांब्या विसळला आणि भरला. सरपंच बाईंनी हात पुढं केला. चाचांनी ओंजळ केली. मीसुद्धा पुढं झाले, हक्कानं. अण्णा आमच्या सगळ्यांच्या मधून सरळ निघून गेले, चढ चढले आणि बांधापाशी थांबले. हत्तीगवत डोक्याएवढं झालं होतं. पलीकडं काका बैलाला धरून उभे. अण्णांनी गवत एका हातानं बाजूला केलं आणि तांब्या पलीकडं धरला. म्हैस गोठ्यात होती, बोलायला कुणी नव्हतं.

काकांनी तांब्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, तांब्या घेतला. प्यायले. सगळा संपवला. आणि अण्णांच्या भुवया, इतक्या दिवसांच्या सवयीनं, आपोआप वर उडाल्या.

"कसंय?"

तोंडून निघून गेलं ते. काका ओठ पुसत म्हणाले, "व्हतं तसंच हाय."

अण्णांनी गवत आणखी बाजूला सारलं. "व्हतं तसंच? तू कधी पिलास?"

काकांनी बैलाकडं बघितलं. बैल गवत खाण्यात गुंग होता. शेवटी मागून काकूच म्हणाली, "मीच विहिरीवरून नेत व्हते, भावजी. भांड्याला म्हणून."

"रोज," काका खाली मान घालून म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. बोरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, दादा."

अण्णांनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि उतार उतरून विहिरीवर आले. बादलीतून तो पुन्हा काठोकाठ भरला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ते थांबले नाहीत. चढ चढून गेले, गवत बाजूला केलं आणि तांब्या पुन्हा पलीकडं धरला.

"घे," अण्णा म्हणाले. "आता उघड पी."